झिजलेले इंजिन आणि घासकामाची मर्यादा

यंत्र झिजते ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु ते नेमके कोठे झिजते, का झिजते, आणि झिजलेला भाग केव्हा घासून चालतो व केव्हा चालत नाही, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जुनी डिझेल मोटार धूर सोडू लागली की मालक गॅरेजात जातो आणि म्हणतो, "जरा घासूनपुसून द्या." घासणे व पुसणे ही जोडी भांड्यांच्या बाबतीत ठीक आहे. इंजिनाच्या बाबतीत मात्र ती पुष्कळदा महाग पडते. ती का, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. ओघाने पेडण्याच्या एका टॅक्सीची हकीकतही येईल.

प्रथम डिझेल इंजिनाविषयी थोडेसे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. पेट्रोल इंजिनात इंधन पेटविण्यासाठी विजेची ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात शिरलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात मावते. सायकलच्या टायरात हवा भरताना पंप गरम होतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. त्याच न्यायाने ही दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, आणि त्याच क्षणी तीत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डिझेल इंजिनाचे सारे बळ हवा कोंडून धरण्यात आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधून अथवा व्हॉल्व्हच्या बैठकीतून हवा निसटू लागली, की दाब कमी पडतो, दाब कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे सकाळी मोटार सुरू होण्याची मारामार. म्हणूनच झिजलेले डिझेल इंजिन थंडीच्या पहाटे हटून बसते.

गोव्याला या इंजिनाची ओळख फार जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत लोहखनिजाच्या निर्यातीमुळे येथे पैसा खेळू लागला आणि परदेशी मोटारी सहज येऊ लागल्या. त्यांत मर्सिडीज-बेंझच्या डिझेल मोटारीही होत्या. त्यांपैकी '१८० डी' या मोटारीचे इंजिन अवघ्या १७६७ घन सेंटिमीटरचे व चाळीस अश्वशक्तीचे होते. अशा मोटारी टॅक्सी म्हणून मुक्तीनंतरही कित्येक वर्षे धावत राहिल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारतात त्या काळी आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे या मोटारींचे सुटे भाग मिळणे दुर्घट झाले. तेव्हा असलेलाच भाग तपासून, घासून, पुन्हा बसवून चालविण्याची विद्या येथील मेस्त्रीमंडळींना शिकावीच लागली. पुढे १९८०च्या सुमारास डिझेलवर चालणारी ॲम्बॅसडर मोटार आली. तिचे इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे. तिचे उत्पादन २०१४ साली कायमचे थांबले. परंतु कोठे मांगरात, कोठे घराच्या पडवीला लागून, एखादी ॲम्बॅसडर अजूनही दृष्टीस पडते.

आता झीज कशी होते ते पाहू. आमच्या दोन तालुक्यांनी जणू तिची दोन उदाहरणेच समोर ठेवली आहेत.

डिचोली तालुका हा खाणींचा. येथील खनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर जाई आणि तेथून बार्जेसमधून मांडवीवाटे मुरगाव बंदराकडे रवाना होई. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०२४ साली पुन्हा काम सुरू झाले. या रस्त्यांवरची तांबडी धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती अंगणातील तुळशीच्या पानांवरही बसते हे सांगावयास नको. या धुळीत हेमॅटाइट असते व वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कणही असतात. काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या श्रेणीत क्वार्ट्‌झ सातव्या पायरीवर आहे. इंजिनाचा ठोकळा ज्या बिडाचा असतो ते बीड त्याहून मऊ आहे. हवेबरोबर असा कण आत शिरला की तो तेलात मिसळतो आणि रिंग व भिंत यांच्यामध्ये सापडून, सहाणेवर चंदनाचे खोड झिजावे तसे दोघांनाही झिजवितो.

पेडणे तालुक्याचे दुखणे निराळे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमध्ये केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा समुद्रकिनारा पसरला आहे. वारा खारा, आणि पावसाळ्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. पर्यटकांचा हंगाम संपला की टॅक्सी जूनपासून उभी राहते. उभ्या इंजिनात भिंतीवरचे तेल हळूहळू खाली उतरते, दमट हवा आत शिरते आणि रिंगा जेथे थांबल्या असतील तेथे गंजाचे वलय धरते. ऑक्टोबरात इंजिन सुरू झाले की तो गंज खरडून निघतो व मागे खळगे राहतात. चालत्या मोटारीपेक्षा उभी मोटार सुखी, असा आपला समज असतो. तो इंजिनापुरता तरी खरा नाही.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हरमलच्या बाजूचे एक गृहस्थ डिझेल ॲम्बॅसडर टॅक्सी चालवीत. घर त्याच मोटारीवर चाले. हंगामात किनाऱ्यावर, आणि एरवी डिचोली-साखळीकडची भाडी. म्हणजे धूळ आणि गंज हे दोन्ही शत्रू त्या इंजिनाने अनुभवले होते. मोटार निळा धूर सोडू लागली. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत असल्याची खूण होय. (काळा धूर बहुधा जास्तीच्या इंधनाचा आणि पांढरा न जळलेल्या इंधनाचा असतो.) त्यांनी एका गॅरेजात मोटार दिली. तेथे सिलिंडर एमरी कागदाने आरशासारखे चकचकीत घासण्यात आले, नव्या रिंगा बसविण्यात आल्या, आणि चार दिवसांत मोटार परत मिळाली. पैसेही फार लागले नाहीत. पाचव्या महिन्यात धूर पुन्हा सुरू झाला. यावेळी तेल पूर्वीपेक्षा अधिक जाऊ लागले आणि इंजिनातून ठोक्यांचा आवाजही येऊ लागला.

मग ती मोटार डिचोलीच्या एका वृद्ध मेस्त्रीकडे आली. चतुर्थीला तीन आठवडे उरले होते. इंजिन उघडताना पाहण्याची संधी आम्हाला मिळाली, आणि तेथे जे शिकलो तेच पुढे देत आहोत.

मेस्त्रीने हत्यार हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी केल्या. प्रत्येक भाग सुटा करताना त्याच्यावर सिलिंडरचा क्रमांक घातला. कारण जो पिस्टन व जो व्हॉल्व्ह जेथे झिजला तेथेच त्याची जागा. नंतर सर्व भाग धुऊन कोरडे केले. कारण काजळीखाली काय दडले आहे हे कळल्याशिवाय तपासणी होत नाही. आणि मग तो नुसता पाहत राहिला. तिसऱ्या सिलिंडरची वरची रिंग दोन तुकडे होऊन निघाली होती. तो म्हणाला, "नखाने वर चाचपून पाहा."

सिलिंडरच्या तोंडापासून थोडे खाली नख अडले. तेथे भिंतीला एक कंगोरा होता. त्याचे कारण असे. पिस्टन वर जातो तेव्हा सर्वांत वरची रिंग एका ठरावीक उंचीपर्यंतच पोहोचते. तेथेच दाब व उष्णता सर्वांत अधिक असते, तेलाचा थर सर्वांत पातळ असतो आणि रिंग क्षणभर थांबून उलट फिरते. म्हणून झीज तेथे सर्वांत जास्त होते. त्याच्या वरची भिंत मात्र रिंगेचा स्पर्शच न झाल्यामुळे मूळ मापाचीच राहते. जुनी रिंग या कंगोऱ्याबरोबरच गोलावलेली असते, पण नव्या रिंगेची धार कोरी असते. कंगोरा न काढता ती बसविली की प्रत्येक फेरीला ती त्याच्यावर आदळते आणि एक दिवस मोडते. पहिल्या दुरुस्तीत नेमके हेच झाले होते.

आता माप. सिलिंडरचा व्यास मोजण्यास खास गेज असते. परंतु मेस्त्रीने आधी एक साधी युक्ती दाखविली, ती शाळेत भूमिती शिकणाऱ्या प्रत्येकाला समजण्यासारखी आहे. त्याने एक नवी रिंग सिलिंडरात पार तळाशी, जेथे झीज जवळजवळ नसते, तेथे सरळ बसविली आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजली. ती ०.३० मि.मी. भरली. मग तीच रिंग वर, कंगोऱ्याच्या लगेच खाली आणून पुन्हा फट मोजली. ती १.१८ मि.मी. निघाली. रिंगेची लांबी तीच. तेव्हा फट जेवढी वाढली तेवढा सिलिंडरचा परीघ वाढला. वाढ ०.८८ मि.मी. परीघ म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. म्हणून ०.८८ ला ३.१४ ने भागले की व्यासातील वाढ मिळते : ०.२८ मि.मी. एवढ्या लहान मोटारीच्या इंजिनात ०.२० मि.मी.च्या आसपास झीज गेली की नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. नेमकी मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेली असते.

मालकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मेस्त्रीकाका, यावेळी नीट पॉलिश करून चवथ तेवढी काढून द्या. पुढचे पुढे पाहू."

मेस्त्री म्हणाला, "बाबा, चवथ दर वर्षी येते. घासून गेलेले लोखंड परत येत नाही."

या उत्तरात सर्व घासकामाचे मर्म आहे. घासणे म्हणजे धातू काढून टाकणे. जेथे खाच आहे तेथे धातू आधीच गेलेला असतो. घासल्याने तो भरत नाही, उलट खाचेच्या आजूबाजूचाही जातो. सिलिंडर वर रुंद व खाली अरुंद झाला असेल, तर एमरी कागदाने तो कितीही चकाकला तरी रुंदच राहणार. चकाकी डोळ्यांना फसविते, मापाला नाही.

चकचकीत भिंत हीच मुळात चूक होय, हे ऐकून आम्हाला आश्चर्य वाटले. मेस्त्रीने विचारले, "तुमच्या घरात रगडा आहे ना? तो गुळगुळीत झाला म्हणजे काय करता?" पाथरवटाकडून टाकी मारून घेतो, कारण गुळगुळीत दगडावर वाटण सरकते, वाटले जात नाही. सिलिंडरचेही तसेच आहे. त्याच्या भिंतीवर अतिशय बारीक, एकमेकांना तिरके छेदणाऱ्या रेघांची जाळी असावी लागते. या रेघांत तेल टिकून राहते, आणि त्याच जाळीवर नवी रिंग पहिल्या काही शे किलोमीटरांत घासून भिंतीशी जुळते. भिंत आरशासारखी असली तर तेल टिकत नाही आणि रिंग 'बसत' नाही. म्हणून सिलिंडर घासण्याचे काम होनिंगच्या दगडांनी, ते फिरविता फिरविता एकसारख्या गतीने वरखाली नेऊन, भरपूर पातळ तेल सोडीत करावयाचे असते. झीज मर्यादेत असेल तर एवढे होनिंग पुरते. या इंजिनाची झीज मर्यादेबाहेर होती, म्हणून चारही सिलिंडर म्हापशाला बोअर करून 'वीस साइझ'चे, म्हणजे इंचाच्या वीस हजारांश, सुमारे अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घालावयाचे ठरले.

यानंतर आली क्रँकची पाळी. पहिल्या दुरुस्तीनंतर एमरीचे कण नीट धुतले गेले नव्हते; ते तेलाबरोबर फिरून बेअरिंगांत रुतले होते. ठोक्यांचा आवाज तेथूनच येत होता. बेअरिंगांवरच्या रेघा पाहून मालकांनी गृहीत धरले की आता क्रँकही ग्राइंड करावा लागणार. मेस्त्रीने मायक्रोमीटर काढला. क्रँकच्या प्रत्येक गळ्याचे माप त्याने दोन दिशांनी घेतले, एक उभे आणि एक आडवे. पिस्टनचा धक्का एकाच बाजूने अधिक बसत असल्यामुळे गळा गोल न राहता अंडाकृती होत जातो. दोन मापांतील फरक तो अंडाकार दाखवितो. येथे तो ०.०२ मि.मी.हून अधिक कोठेच नव्हता आणि रेघाही नखाला न लागण्याइतक्या उथळ होत्या. "याला लेथवर चढवायचे नाही," मेस्त्री म्हणाला. तेलात भिजविलेल्या अतिशय बारीक पॉलिश पट्टीने त्याने गळे पुसल्यासारखे घासले, आणि शेवटचा हात क्रँक फिरण्याच्या दिशेने दिला. गळ्याच्या टोकाशी असलेली गोलाई मात्र त्याने कटाक्षाने जपली. कारण कोपरा तीक्ष्ण झाला की ताण तेथे एकवटतो आणि क्रँक पुढे तेथूनच तडकतो. तेलाची भोके तारेने व हवेने साफ करून त्याने नवी बेअरिंगे मूळ मापाचीच बसविली.

एकाच इंजिनातील हे दोन निर्णय विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून पाहावेत. जेथे मालकाला पॉलिशने भागेल असे वाटत होते तेथे बोअरिंग करावे लागले, आणि जेथे मोठा खर्च येईल अशी भीती होती तेथे पॉलिशने भागले. दोन्ही ठिकाणी निवाडा मापाने केला.

व्हॉल्व्ह घासणे हे सर्वांत सोपे दिसणारे काम. व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांच्यामध्ये खरखरीत पेस्ट लावून, रबरी चोखणीच्या काठीने व्हॉल्व्ह दोन तळहातांत रवीसारखा उलटसुलट फिरवावयाचा, मधून मधून उचलून थोडा वळवावयाचा, आणि मग बारीक पेस्टने तेच करावयाचे. सभोवार अखंड, करड्या रंगाचे, सारख्या रुंदीचे वलय उमटले की काम झाले. खात्रीसाठी बैठकीवर शिसपेन्सिलीच्या रेघा आडव्या ओढाव्यात व व्हॉल्व्ह किंचित फिरवावा. सर्व रेघा पुसल्या गेल्या तर दोन्ही पृष्ठे सर्वत्र टेकली असे समजावे. परंतु येथेही अति घासणे वाईट. व्हॉल्व्ह बैठकीत खोल बसला की वरची पोकळी वाढते, हवा कमी दाबली जाते, आणि ज्या दाबासाठी हे सारे चालले तोच उणा होतो. ज्या व्हॉल्व्हची कड घासून घासून सुरीसारखी पातळ झाली आहे तो टाकूनच द्यावा. पातळ कड तापून जळते.

हेडची सपाटी सरळ पट्टी व फीलर गेजने पाहतात. पट्टी लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर ठेवावी. तिच्याखाली ठरावीक मर्यादेहून जाड पाते शिरले तरच हेड प्लेन करावे. ही मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून सहसा मोठी नसते.

आणि एक जागा अशी आहे की जेथे घासकाम पूर्णपणे वर्ज्य होय. ती म्हणजे इंधनाचा पंप व नोझल. पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांतील अंतर अवघे दोन-तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस याच्या वीस-पंचवीसपट जाड असतो. येथे पॉलिश कागदाचा एक हात म्हणजे भाग कायमचा निकामी. त्यासाठी पंपाची निराळी कार्यशाळाच गाठावी.

बोअर होऊन ठोकळा परत आला त्या दिवशी चतुर्थीला दोन दिवस होते. मेस्त्रीने तो गरम पाण्याने, साबणाने आणि ब्रशाने धुतला. केरोसीनने तेल जाते, परंतु दगडाची बारीक पूड रेघांत तशीच राहते, असे त्याचे म्हणणे. पांढरे फडके भिंतीवरून फिरवावे, ते राखी झाले की पुन्हा धुवावे. फडके पांढरे निघेपर्यंत संध्याकाळ झाली. लागलीच त्याने भिंतींना तेल लावले, कारण आमच्या श्रावण-भाद्रपदात उघडे बीड एका रात्रीत गंजते. इंजिन जोडण्याची घाई त्याने केली नाही. ती चवथ त्या कुटुंबाने मोटारीविना काढली; माटोळीचे सामान डोक्यावरून आणि मंडळी बसने घरी गेली. मोटार त्यानंतर आठवड्याने निघाली. पहिले हजार किलोमीटर ती बेताने चालवावी, चढावर फार ओढू नये, नंतर तेल बदलावे, आणि हवेच्या गाळणीतील तेल धुळीच्या दिवसांत वेळच्या वेळी बदलावे, एवढे सांगून मेस्त्रीने किल्ली हाती दिली. त्या इंजिनाने पुढे पुष्कळ हंगाम काढले. पहिल्या खेपेस वाचविलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च दुसऱ्या खेपेस झाला, ही गोष्ट मात्र ते गृहस्थ विसरले नाहीत.

आता २०२३च्या आरंभापासून पेडण्यात मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली आहेत, आणि तेथील टॅक्सींची इंजिने वेगळी, अधिक नाजूक घडणीची आहेत. मेस्त्रीच्या हातातील मापन-साधनेही बदलली. परंतु आमच्या वाचकांपैकी कोणी उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाईल, कोणी घरच्या मोटारीचा धूर पाहून गॅरेजात उभा राहील. त्याने कागद किंवा दगड हाती घेणाऱ्याला एवढेच विचारावे : "किती झिजले आहे, ते मोजले का?" उत्तर आकड्यांत आले, तर काम निर्धास्तपणे त्याच्या हाती सोपवावे.